बाग सगळ्यांची, फळे कोणाची?

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे वृक्षारोपणाला ऊत येतो. २०१६ साली राज्य सरकारने एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. पुढल्या वर्षी तो चार कोटींवर गेला, २०१८ साली तेरा आणि २०१९ साली तेहतीस. २०२४ च्या पर्यावरण दिनी पंतप्रधानांनी आईच्या नावे एक झाड लावण्याची हाक दिली. लावलेल्या रोपांचे आकडे झळकतात. तिसऱ्या उन्हाळ्यात किती उभी आहेत, हे विचारणारा मात्र फारसा कोणी भेटत नाही.

त्यापेक्षा मला एक लहानशी कल्पना अधिक शहाणपणाची वाटते. वसाहतीच्या मोकळ्या भूखंडावर किंवा गावच्या पडीक जमिनीवर, रविवारी दोन तास श्रमदान करून, सगळ्यांनी मिळून फळबाग उभी करायची. आंबा, चिंच, जांभूळ, सीताफळ, पेरू. माळी नाही, ठेकेदार नाही.

शहरांना फळझाड तसे नकोसेच असते. रस्त्याच्या कडेला गुलमोहर चालतो, पर्जन्यवृक्ष चालतो. आंबा लावला की पोरे दगड मारणार, जांभूळ लावले की गाड्यांवर डाग पडणार. शिवाय जांभळाची फांदी ठिसूळ, त्यावरून कोणी पडले तर जबाबदार कोण? नको ती ब्याद! फळ म्हणजे भांडण, ही भीती मात्र अगदीच खोटी नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला झाडांविषयीचा मजकूर आपण शाळेपासून ऐकत आलो. आरमाराला आंबा-फणसाचे लाकूड उपयोगाचे, पण रयतेच्या झाडांना हात लावू द्यायचा नाही, कारण लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडायचे. भाषणांतून हा उतारा निसर्गप्रेमाचा दाखला म्हणून येतो. मला त्यातला ‘धनी’ महत्त्वाचा वाटतो. झाडावर कोणाचा तरी जीव असतो आणि हक्कही असतो, म्हणून ते वाचते. सरकारलाही हे ठाऊक आहे. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत शेतकऱ्याचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागले गेले आणि पुढचे हप्ते जगलेल्या झाडांशी बांधले गेले.

सार्वजनिक बागेला असा एक धनी नसतो. मग ती टिकावी कशी? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच प्रकारच्या अभ्यासासाठी. सामाईक कुरणे, जंगले, पाटाचे पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. मात्र नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावे लागतात आणि मोडणाऱ्यावर नजरही त्यांचीच असावी लागते.

म्हणून खड्ड्याआधी कागद, असा माझा आग्रह आहे. गावच्या सामाईक जमिनी खासगी घशात जाऊ देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात बजावले आहे. तेव्हा मंडळाने जमीन मागूच नये. जमीन गावाची, निगराणी मंडळाची, एवढा ठराव ग्रामसभेत झाला की पुरे.

दुसरा कागद पाण्याच्या पाळ्यांचा. खरी गोम इथेच आहे. जुलैत शंभर हात असतात; मे महिन्यात परीक्षा संपलेल्या, लग्नसराई सुरू झालेली, निम्मी मंडळी गावी गेलेली, आणि रोपाला पाण्याची सर्वाधिक गरज नेमकी तेव्हाच. पहिले तीन उन्हाळे निभावले तर बाग झाली म्हणायची. उत्साह टिकवायचा तर झाडांची निवडही विचाराने हवी. बी लावून वाढवलेल्या चिंचेची दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागते, कलमी आंबाही चार-पाच वर्षे घेतो. पेरू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हातात येतो. सीताफळाचा पाला शेळ्या खात नाहीत, तेव्हा ते कुंपणाच्या कडेने लावावे. कलमाच्या जोडाखाली फुटणारे धुमारे काढत राहावे, नाहीतर कलम मरते आणि खालची रायवळ तेवढी माजते.

तिसरा कागद फळांचा, आणि तोच सगळे टाळतात. अमेरिकेत सिएटल शहरात महापालिकेच्या जमिनीवर २०१२ पासून स्वयंसेवकांनी अशी बाग उभी केली आहे; तिथे कोणीही यावे आणि फळ तोडून न्यावे. आपल्याकडची जुनी रीत उलटी. अनेक ग्रामपंचायती चिंचेचा, आंब्याचा लिलाव करतात. पैसा पंचायतीत जमा होतो आणि झाडाखाली खेळणाऱ्या पोराला मात्र व्यापाऱ्याचा राखणदार हुसकावतो. पण निव्वळ खुली बागही आपल्या गर्दीत निभणे कठीण. कच्च्या कैऱ्याच पहाटे गायब व्हायच्या. मला वाटते, दोन्हींची वाटणी करावी. आंबा आणि चिंच लिलावात द्यावी, त्यातून टँकर आणि कुंपण भागवावे. पेरू, जांभूळ, सीताफळ खुले ठेवावे, आणि तिथे राखणदार बसवू नये.