काठावरचा आठवा गडी

कबड्डीत एका बाजूला ७ खेळाडू. केळवे-माहीमपासून बोईसरपर्यंत लहान गटाच्या सामन्यांत मात्र आठवाही असतो. तो रेषेबाहेर उभा, वय चाळिशीपुढचे आणि दम सगळ्यांत जास्त त्याचाच. "धर त्याला! अरे, धर ना!"

त्याचा पहिला बचाव असा की, आम्ही ओरडतो म्हणून पोराला जोर येतो. येतो का? चढाईतला 'कबड्डी, कबड्डी' हा घोष पंचांना स्पष्ट ऐकू यावा लागतो. दम तुटला की नाही, हे कानांनीच ठरते. त्या ३० सेकंदांत काठावर गलका झाला तर पंचाईत चढाई करणाऱ्याची, म्हणजे बरेचदा आपल्याच पोराची. बचावात तर आणखी वाईट. साखळीतली पोरे एकमेकांच्या हाताच्या ओढीवरून पकडीची वेळ ओळखतात. बापाच्या 'धर'वर एकाने झेप घेतली की साखळी सुटते, गुण जातो आणि घरी परतताना मोटारसायकलवर बोलणीही तोच खातो.

दुसरा बचाव : उद्या प्रो कबड्डीत हजारो लोक ओरडतील, आत्तापासून सवय नको? अहो, अनोळखी हजारांचा आवाज समुद्राच्या गाजेसारखा कानाआड करता येतो. बापाचा नाही येत. अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या नजरेसमोर पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा त्याला धड खेळता येईना. भाऊ अजितने सरांना विनवले, जरा लांबून बघा. सर लांब गेले आणि पोरगा खेळला. त्याच्या आईने तर त्याला मैदानात खेळताना पहिल्यांदा पाहिले ते नोव्हेंबर २०१३मध्ये, वानखेडेवरच्या त्याच्या २००व्या आणि शेवटच्या कसोटीत. तिचे लक्ष नव्हते, असे कोण म्हणेल?

इकडे लगेच शार्दुल ठाकूरचे नाव येते. पालघरचा पोरगा, घरच्यांच्या पाठबळावर वर आला! खरेच आहे. पण ते पाठबळ म्हणजे मुलाला बोरिवलीत प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या घरी राहू देणे. मूल गुरूच्या हाती सोपवून आपण बाजूला होणे ओरडण्याहून फार अवघड.

पंच पक्षपाती असतात, ही तक्रार कधीकधी खरीही असते. तरी पंचांशी बोलायचा हक्क संघनायकाचा. तो तेरा वर्षांचा असला तरी त्यालाच बोलू द्यावे.

तेव्हा आयोजकांनी मैदानापासून दहा पावलांवर दोरी बांधावी. टाळ्या हव्यातच, समोरच्या संघाच्या पकडीलाही. सामना संपल्यावर "भूक लागली का?" एवढेच विचारावे, खेळाचा विषय पोराने काढला तरच पुढे बोलावे. आणि ज्यांना गप्प राहवतच नाही, त्यांना गुणफलकावर बसवावे. दोन्ही संघांचे आकडे बदलता बदलता ओरडायला फारशी सवड मिळत नाही.