दवाखाना बाईच्या वेळेला उघडा हवा

'सरकारी दवाखान्यात बायका येतच नाहीत,' अशी तक्रार आरोग्य खात्यातली मंडळी नेहमी करतात. त्याच बायका खाजगी डॉक्टरकडे पैसे मोजून जातात. म्हणजे बायकांना फुकटची किंमत नसते, असा अर्थ काढून मंडळी मोकळी होतात. मला तो मान्य नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बायकांशी बोलताना मला कारण दिसतं ते वेळेचं.

खुरपणीला जाणारी बाई पाणी, भाकऱ्या, जनावरं उरकून रानात जाते, ती दिवस कलल्यावर परतते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी असते सकाळी, आणि नंतर दुपारी चार ते सहा. म्हणजे दुखणं दाखवायचं तर रोज बुडवायचा. खाजगी डॉक्टरचा दवाखाना मात्र रात्री आठलाही उघडा असतो. चिठ्ठी लागत नाही, आधी नंबर लावावा लागत नाही. ती जाते, इंजेक्शन घेते आणि सकाळी पुन्हा कामावर हजर होते. कित्येकदा त्या इंजेक्शनची गरजही नसते. पण तिच्या वेळेला उघडं असलेलं दार तेवढं एकच असतं.

ताप-खोकल्याचं यातून कसंबसं भागतं. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत फार रक्त जाणं, ओटीपोटात दुखणं याचं काय? बाकावर गावातली माणसं, आत पुरुष डॉक्टर. तिथं बाई 'अशक्तपणा वाटतो' एवढंच सांगते आणि टॉनिक घेऊन येते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी अशी तपासणी व उपचार जेमतेम ८ टक्के स्त्रियांना मिळाले होते. दुखणं अंगावर काढणं हा बायकांचा स्वभाव नव्हे, त्यांना विचारणारंच कुणी नव्हतं.

आपल्याकडे हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांना ऊस तोडायला बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. पहाटेच्या अंधारात फडात जाणाऱ्या या बाईला दिवसा दवाखाना गाठणं जमत नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यामागे गरिबी आहे, कर्करोगाची घातलेली भीती आहे, नफेखोरी आहे. पण साध्या जंतुसंसर्गावर वेळेत औषध देणारं कुणी जवळ असतं, तर यांतल्या किती जणी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचल्या असत्या?

कागदावर व्यवस्था आहे. सपाटीच्या भागात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावं, असा नियम आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झालं, समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. तिशीपुढच्या प्रत्येकीचा रक्तदाब, साखर, स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तिथं व्हावी असं ठरलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. त्याच वर्षी १ मे रोजी तालुक्याला एक या हिशेबानं 'आपला दवाखाना' सुरू करताना वेळ ठरवली ती दुपारी दोन ते रात्री दहा. म्हणजे कष्टकऱ्यांना संध्याकाळचा दवाखाना लागतो, हे सरकारलाही पटलेलं आहे. मग ही सोय तालुक्याच्या गावापुरतीच का? सुप्याच्या जिरायती पट्ट्यातल्या किंवा उजनीच्या पाण्याकाठच्या बाईनं संध्याकाळी एसटीनं तालुक्याला जायचं आणि रात्री परतायचं कसं?

कुणी म्हणेल, बारामतीत उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ती हवीतच. अडलेलं बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया उपकेंद्रात होणार नाही. पण मोठ्या रुग्णालयात कधी जायचं हे ज्या पहिल्या दारात कळायचं, तेच बंद असलं तर बाई तिथं पोचते ती फार उशिरा.

नर्सताई आणि आशाताई याही बायकाच आहेत. त्यांना रात्रंदिवस राबवा, असं माझं म्हणणं नाही. रिकाम्या जागा भरा, पाळ्या लावा. आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी आणि बाजाराच्या दिवशी उपकेंद्र उघडं ठेवा. आत पडदा, टेबल, चांगला उजेड आणि तपासायला बाई असू द्या. हंगामात आरोग्य पथक फडाजवळच्या कोप्यांवर संध्याकाळी जाऊ द्या.

मैत्रिणींनो, हे मागितल्याशिवाय मिळणार नाही. २००७ साली राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला पुणे जिल्हा होता. जनसुनवाईत गावच्या बायकांनी अधिकाऱ्यांना उभं करून जाब विचारला आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत उठून तीन प्रश्न विचारूया : आमचं उपकेंद्र किती वाजता उघडतं? आत तपासायला बाई आहे का? आणि गेल्या वर्षभरात गावातल्या किती जणींची तपासणी झाली? उत्तरं तोंडी नकोत, इतिवृत्तात लिहून घ्यायची.