पाठ टेकण्याचा गुन्हा

पायडल पुढे, पाठीला टेकू देणारी बैठक आणि चालवणारा जवळजवळ उताणा, अशी रिकम्बंट सायकल बोईसर-तारापूरच्या रस्त्याला लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "झोपून कसली सायकल चालवता?" हा प्रश्न निव्वळ अज्ञानातून आला असता, तर क्षम्य होता. तो येतो आपल्या एका लाडक्या समजुतीतून. देह पिळवटून निघाल्याखेरीज श्रम खरे नव्हेत, ही ती समजूत. गंमत अशी की, ती हिरिरीने मांडणारे आमचे बहुतेक विद्वान मित्र स्वतः आरामखुर्चीत बसलेले असतात.

वस्तुतः इथेही श्रम पायच करतात. फरक इतकाच, की धडाचा भार अरुंद सीटवर आणि मनगटांवर न पडता पाठ व कंबर यांवर विभागला जातो. मान वाकडी करून रस्ता पाहावा लागत नाही. रोज शंभर किलोमीटर याप्रमाणे आठवडाभर प्रवास करायचा, तर याला चैन कसे म्हणावे?

ही कुचेष्टा जुनीच आहे. 1933 मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फॉर या दुय्यम गणल्या जाणाऱ्या स्पर्धकाने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलवर तासाभरात 45.055 किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एगचा 1914 चा 44.247 किलोमीटरचा विक्रम मोडला. वारा कमी अडला, एवढेच त्याचे रहस्य. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने 1934 मध्ये काय करावे? सायकलची व्याख्याच अशी बांधली, की हे वाहन तिच्याबाहेर पडावे! उलट, सुमारे 1200 किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या दीर्घ पल्ल्याच्या उपक्रमात त्याला आजही प्रवेश आहे.

त्याचे दोष आम्ही लपवीत नाही. जव्हारच्या चढावर पायडलवर उभे राहता येत नाही, त्यामुळे वेग मंदावतो. किंमत जास्त, सुटे भाग दुर्मिळ. आणि बुटकेपणामुळे ते ट्रकचालकाच्या नजरेतून निसटू शकते.

हा शेवटचा आक्षेप मात्र उलटून पाहायला हवा. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाताना अवजड वाहनांच्या रांगेत साध्या, उंच सायकलवर पाळीला निघालेला कामगार तरी सुरक्षित असतो काय? तो तर नीट दिसतो. तरीही कडेच्या खडीत उतरावे लागते ते त्यालाच. त्याच्यासाठी रस्त्यावर हातभर जागा कधी न मागणाऱ्यांना आमच्या बैठकीची उंची पाहून एकाएकी सुरक्षिततेचा कळवळा यावा, हे आम्हांला ढोंग वाटते. झेंडा लावून, दिवा लावून आम्ही दिसू. त्या कामगाराला जागा कोण देणार, याचे उत्तर आधी द्यावे. आमच्या पाठीचे मग पाहू.