आसनावरचे केस कोणी काढायचे?

घरच्या कुत्र्याला गाडीतून बरोबर नेणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पशुवैद्याकडे, गावी, सुटीच्या सहलीला तो कुटुंबातील एक सदस्य म्हणूनच निघतो, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारणही नाही. प्रश्न आहे तो आसनावर मागे राहणाऱ्या केसांचा. स्वतःच्या गाडीत तो ज्याचा त्याचा. भाड्याच्या गाडीत मात्र ते चालकानेच काढावयाचे, असे आपण गृहीत धरले आहे. हे गृहीतक मला मान्य नाही.

नोकरीनिमित्त तमिळनाडूत, कुंभकोणमलगतच्या साक्कोट्टै येथे वास्तव्य असल्याने हा विषय जवळून पाहावयास मिळतो. अमृतकलशनाथाच्या प्राचीन मंदिराचे हे लहानसे गाव. सूर्यनारकोविल, आलंगुडी, तिरुनागेश्वरम्, तिरुनळ्ळार आदी नवग्रहांची नऊ क्षेत्रे या परिसरात विखुरलेली आहेत. पहाटे निघून एका दिवसात ती सर्व करू पाहणाऱ्या यात्रेकरूंवर येथील अनेक टॅक्सीचालकांचा चरितार्थ चालतो. गाडी कर्जाची असते आणि हप्त्याची तारीख कोणासाठी थांबत नाही. आसनांवर टर्किश टॉवेलच्या कापडाचे पांढरे अभ्रे घालण्याची हौसही पुष्कळांना आहे. ते टापटीप दिसतात, घामही शोषतात. परंतु त्या कापडाचे बारीक फासे म्हणजे केसांसाठी जाळेच. रात्री एखाद्या कुटुंबाला लॅब्राडोरसह घरी पोहोचवून आलेल्या चालकाला पहाटे बॅटरीच्या उजेडात केस वेचताना मी पाहिले आहे. देवदर्शनाला निघालेल्या वडीलधाऱ्यांनी दार उघडून आत पाहिले आणि दुसरी गाडी बोलावली. त्यांचेही काही चुकले नाही. बुडाले ते चालकाचे दिवसभराचे भाडे.

केस काढणे हे वाटते तितके किरकोळ काम नव्हे. लांब केस कापडावर पडून राहतात. आखूड, ताठ केस मात्र सुईसारखे विणीत शिरतात. म्हणूनच आखूड केसांचा कुत्रा कमी त्रासाचा ही समजूत फसवी ठरते. नुसता व्हॅक्यूम क्लीनर फिरवून हे केस निघत नाहीत, कारण ते आधी सैल व्हावे लागतात. त्यासाठी भांडी घासताना वापरतात तो रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढावा. घर्षणाने केसांच्या वळ्या होतात, त्या हाताने उचलता येतात. काच पुसण्याच्या वायपरची रबरी पट्टीही हेच काम करते. पायाखालच्या गालिच्याला ताठ ब्रश हवा. हे सारे झाल्यावर मगच व्हॅक्यूम. पाणी मात्र बेताने वापरावे. कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवेत ओले आसन लवकर वाळत नाही आणि केसांच्या जागी कुबट वास येऊन बसतो. त्यावर सुगंधी फवारा मारणे म्हणजे दुखणे झाकणे होय. (केस गळूच नयेत म्हणून कुत्र्याला तासून काढणारे महाभागही भेटतात. लॅब्राडोरसारख्या दुहेरी केसांच्या जातीत तेच केस उन्हापासून कातडीचे रक्षण करतात, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.)

केस दिसतात तरी; न दिसणारी बाब अधिक गंभीर आहे. प्राण्यांची ॲलर्जी मुख्यतः केसांमुळे नव्हे, तर त्यांना चिकटलेला त्वचेचा कोंडा आणि लाळ यांतील प्रथिनांमुळे होते. मांजराचे असे प्रथिन कापडात महिनोन्‌महिने टिकून राहते. त्यामुळे आसन वरवर स्वच्छ दिसले, तरी पुढच्या फेरीत बसलेल्या दमेकरी मुलाला धाप लागू शकते. अभ्रे धुणे आणि वातानुकूलन यंत्रणेची जाळी वेळोवेळी बदलणे, याला पर्याय नाही. धुण्याचा खर्च, जाळीचा खर्च आणि गाडी उभी राहिल्याचा तोटा, हे तिन्ही आज चालकाच्या माथी पडतात.

यावर ‘आम्ही प्राणी घेत नाही’ असे सांगणारे चालक वाढतात, आणि आजारी जनावर घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाची पंचाईत होते. मोठ्या शहरांत यावर काही मार्ग निघत आहे. उबर कंपनीने २०२४ मध्ये बंगळूर येथे प्राण्यांसह प्रवासासाठी स्वतंत्र सेवा सुरू केली. साक्कोट्टैसारख्या गावी अशी सोय नाही. तेथे ग्राहक आणि चालक यांनी आपसातच ठरवावे लागते. माझे मत विचाराल, तर गाडी ठरवितानाच प्राणी बरोबर असल्याचे सांगावे, घरून जाड सुती चादर आणून आसनावर अंथरावी आणि उतरताना ती चारही कोपऱ्यांनी आत दुमडून घरी न्यावी. निघण्यापूर्वी कुत्र्याला अंगणात विंचरले, तर निम्मे काम तेथेच होते. एवढे करूनही केस राहिलेच, तर अभ्रे धुण्याचे पैसे भाड्याबरोबर, चालकाने न मागता, त्याच्या हाती ठेवावेत.