उधारी बंद, भाकरी चालू

सोयाबीनची पट्टी हातात पडली की गावात दोन दुकानं जोरात चालतात. एक खताचं, दुसरं तुम्हाला ठाऊकच आहे. आज त्या दुसऱ्याबद्दल लिहितो.

माझा चुलतभाऊ दहा-बारा वर्षं पीत होता. चारचौघांत लाज जाते म्हणून काकू दर महिन्याला त्याची उधारी भागवायची. माझं मत स्पष्ट आहे, ही मदत नव्हे. आपण उधारी भागवतो तोवर त्याला सोडायचं कारणच नसतं. शेवटी काकूनं दुकानदाराला तोंडावर सांगितलं, आजपासून एक रुपया देणार नाही. पण त्याचं ताट कधी बंद केलं नाही. पैसा बंद, माणूस बंद नाही. हे जमलं तिथून पुढं डॉक्टरकडं जायचं बोलणं सुरू झालं.

आता आपल्याकडचे उपाय बघा.

"लग्न करून द्या, सुधारंल." दुसऱ्याची लेक म्हणजे काय औषधाची बाटली आहे का?

"नकळत भाजीत टाकायची पावडर." जाहिराती गावोगाव भिंतींवर आहेत. दारू सोडवायच्या काही गोळ्या अशा असतात की वरून दारू प्याली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांशिवाय आणि त्याला न सांगता काहीही द्यायचं नाही.

"खोलीत कोंडा, चार दिवसांत उतरंल." रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, झटके येतात, भास होतात. आमच्या एका पाहुण्याला तिसऱ्या दिवशी झटके आले, रात्रीच दवाखान्यात न्यावं लागलं. दारू तोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

जायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, तिथं विचारा. पुण्यात मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं सुरू केलेलं. सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका मराठीत होतात, फी नसते, नाव बाहेर जात नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका वेगळ्या असतात. बायकोलेकरं पण आतून पिचलेली असतात, त्यांनाही कुणीतरी लागतं.

एक काम मात्र आजच करा. घरात फवारणीचं औषध असेल तर कुलूप लावून चावी दुसऱ्याकडं ठेवा. नशेत आणि निराशेत माणूस काय करील सांगता येत नाही.

आणि परत प्याला तर लगेच "गेला वाया" म्हणू नका. हराळी एका खुरपणीत जाते का? आपण परत खुरपतोच ना. आमचा गडी दोनदा घसरला, तिसऱ्यांदा टिकला. यंदा चार वर्षं झाली.

तुमच्या भागात बैठक कुठं भरते ते ठाऊक असेल तर खाली लिहा. कुणाचं नाव मात्र लिहू नका.