जाडजूड जाळी

मुंबईत थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्यांनी सेंट्रल एसीच्या बरोब्बर खाली बसून एक दिवस काढून दाखवावा. मी फ्रीलान्सर, त्यामुळे मला स्वतःचं डेस्क नाही. पण ज्या ज्या ऑफिसात मीटिंगला जाते तिथे खुर्च्यांच्या पाठीवर शाली लटकलेल्या दिसतात. बाहेर बत्तीस डिग्री आणि आत सगळ्या मुली शिमल्याला आल्यासारख्या गुंडाळलेल्या!

पण आजची शाल ऑफिससाठी नव्हती. ती होती माझ्या नाशिकच्या मावशीसाठी. फेब्रुवारीत तिची पंचाहत्तरी होती आणि मी जुलैतच फोनवर, जाम उत्साहात, जाहीर करून बसले होते, ‘तुला जाळीची शाल विणून देणार.’

मावशी म्हणजे आमच्या घरातलं विणकामातलं हायकोर्ट. मी दुसरीत असताना तिनंच माझ्या हातात दोन सुया दिल्या. तिचं स्वतःचं काम इतकं तलम, की बाळंतविडा तिच्या हातचा आहे म्हटल्यावर बायका बाळाच्या आधी टोपडं बघायच्या. जाड लोकरीचं काम तिला मंजूर नाही. कॉलेजात असताना मी एक ढब्बू मफलर विणला होता, तर बाईसाहेब म्हणाल्या, ‘घोंगडी विणतेयस का गं?’ (घोंगडीचा यात काय दोष? धनगरांच्या मेंढ्यांची खरखरीत लोकर, पण पावसात तिच्याइतकं काम दुसरं काही करत नाही. असो.)

गेल्या तीन-चार वर्षांत मावशीची नजर गेली. म्हणजे कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दाराची चौकट दिसते, दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा नाही. विणणं अर्थातच बंद. मागच्या दिवाळीत तिनं सुयांची पिशवी उचलून माझ्याकडे दिली. काही बोलली नाही, मीही काही बोलले नाही. त्याच सुयांवर शाल विणायची, असं मी ठरवलं होतं.

तर जुलैत मी केसासारखी बारीक लोकर मागवली आणि १७० टाके घातले. हिशेब नंतर केला, आधी करायला हवा होता : १७० टाके, अंदाजे सहाशे सुया, म्हणजे एक लाखाच्या वर टाके. ऑक्टोबर संपला तेव्हा माझी शाल वीतभर होती! त्यातही दोनदा टाका सुटून खाली पळत गेला, आणि जाळीत सुटलेला टाका म्हणजे स्टॉकिंगला गेलेली धाव, थांबतच नाही. रात्री साडेअकराला ट्यूबलाइटखाली डोळे फोडत बसायचं आणि मनात मावशीच्याच डोळ्यांचा विचार. एका रविवारी मी सगळं उसवून टाकलं. रडले वगैरे नाही. चहा केला.

मग डोक्यात आलं, हीच जाळी जाड लोकरीत घेतली तर?

जाळी म्हणजे शेवटी काय, मोजून मारलेली भोकं! धागा सुईवर एकदा जास्तीचा घ्यायचा की भोक पडतं. त्याबदल्यात दोन टाके एकत्र विणायचे की टाक्यांची संख्या तीच राहते. मी घेतलेला नमुना शेटलंडचा आहे, ‘ओल्ड शेल’ नावाचा. अठरा टाक्यांची एक लाट. तीनदा दोन-दोन टाके एकत्र, मग सहा वेळा धागा घेऊन एक सुलट, मग पुन्हा तीनदा दोन-दोन एकत्र. सहा गेले, सहा आले. चार सुयांपैकी एकाच सुईवर ही कसरत, बाकीच्या तीन सरळसोट. सुरुवात करायला यासारखा सोपा नमुना नाही, आणि दिसतो मात्र समुद्राच्या लाटांसारखा भारी.

चूक कुठे होते सांगू? नमुन्यात लिहिलेत तेवढेच टाके जाड लोकरीवर घातले, तर शाल नाही, चादर होते. टाके नाही मोजायचे, लाटा मोजायच्या. डबल निट लोकरीच्या वेष्टनावर ८ नंबरची सुई लिहिलेली असते, म्हणजे ४ मिलिमीटर. (आपल्याकडच्या जुन्या नंबरांचा फंडा उलटा आहे : नंबर मोठा तितकी सुई बारीक.) स्वेटरला ८ नंबर ठीक, जाळीला नाही. भोकांना श्वास घ्यायला जागा हवी. मी मावशीच्या पिशवीतली ५ नंबरची जोडी काढली, साडेपाच मिलिमीटरची, आणि आधी तळहाताएवढा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजला. एक लाट ११ सेंटिमीटर. म्हणजे पाच लाटा आणि दोन्ही काठांना चार-चार टाके, एकूण ९८. लांबीला साधारण ३६० सुया. लाखाचे पस्तीस हजार झाले की राव!

बदल्यात काय गेलं? वजन. बारीक लोकरीची शाल शंभर ग्रॅमच्या आत बसली असती, ही साडेतीनशे ग्रॅम भरली. नाजूक पानंफुलं, बारीक मण्यांसारखे टाके असलेले नमुने जाड लोकरीत पार चिखल होतात, तेही विसरायचं. मोठ्या, सरळ, पुन्हापुन्हा येणाऱ्या लाटा मात्र उलट जास्त उठून दिसतात.

आणि माझ्या मनातून ते ‘घोंगडी’ काही जाईना. शॉर्टकट मारतेय, असंच वाटत होतं. म्हणून एका रात्री, विणायच्या ऐवजी, या नमुन्याचं गाव शोधत बसले.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही वर, उत्तर समुद्रातला बेटांचा पुंजका. त्यातलं अन्स्ट हे ब्रिटनमधलं वस्ती असलेलं सगळ्यात उत्तरेचं बेट, आणि तलम जाळीसाठी तेच प्रसिद्ध. लग्नाच्या अंगठीतून आरपार जाणाऱ्या शाली इथल्याच. १८३०च्या दशकात आर्थर अँडरसन या शेटलंडच्या माणसानं राणी व्हिक्टोरियाला तिथलं तलम विणकाम भेट दिलं आणि लंडनच्या बायकांत त्याची फॅशन आली. (हा अँडरसन पी अँड ओ कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, याच कंपनीच्या बोटी नंतर मुंबईला यायच्या.)

इथपर्यंत सगळं रोमँटिक. पण विणणाऱ्या बायकांना मिळायचं काय? १८७२ साली ब्रिटिश सरकारनं शेटलंडमधल्या मजुरीची चौकशी केली, तेव्हा विणकाम करणाऱ्या बायकांनी येऊन सांगितलं, की व्यापारी शालीचे पैसे देतच नाहीत. शालीच्या बदल्यात त्याच्याच दुकानातला चहा घ्या, कापड घ्या. रोख नाही. वाचून मी खुर्चीत ताठ बसले. मागच्याच वर्षी एका क्लायंटनं माझ्या दोन लेखांचं मानधन म्हणून स्पाचं व्हाउचर पाठवलं होतं. दीडशे वर्षं झाली बायांनो, चहाचा स्पा झाला!

बरं, विकायला अंगठीतून जाणारी शाल, मग या बायका स्वतः काय पांघरायच्या? तर जाड शाल. तिला तिथे ‘हॅप’ म्हणतात, म्हणजेच पांघरूण, गुंडाळायचं वस्त्र. मधला चौकोन साधा, सगळा सुलट टाक्यांचा. भोवतीनं ‘ओल्ड शेल’च्या लाटा, मेंढ्यांच्याच रंगांत : पांढरा, करडा, तपकिरी, काळा. बाळाला गुंडाळायला हॅप, वाऱ्यात बाहेर पडायला हॅप. पाठीवर पीटची, म्हणजे जळणासाठी काढलेल्या मातीच्या ढेकळांची टोपली आणि चालता चालता हातात विणकाम, असे तिथल्या बायकांचे जुने फोटो आहेत. म्हणजे ज्याला मी शॉर्टकट समजत होते, ती तिथल्या घरोघरची रीत होती. तलम माल बाजारासाठी, जाड स्वतःसाठी.

दुसऱ्या दिवशीपासून शाल माझ्याबरोबर ठाणे लोकलला आली. बारीक लोकर गाडीत विणणं अशक्य होतं. ही न बघता विणता येत होती. चौथ्या सीटवर अर्धी टेकून, शेजारच्या काकू मेथी निवडतायत आणि मी लाटा मोजतेय. ‘कोणासाठी गं?’ हा प्रश्न दर दोन स्टेशनांनी. दीड महिन्यात शाल सुयांवरून उतरली.

उतरली ती मात्र गोळा झालेल्या पायपुसण्यासारखी दिसत होती. घाबरायचं नाही! जाळी विणून होते तेव्हा अर्धीच झालेली असते. ती अर्धा तास पाण्यात भिजवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची (पिळायची नाही!), मग गादीवर ताणून कडेनं टाचण्या लावायच्या आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, साध्या गंजतात. आणि एक महत्त्वाचं : दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. स्वेटरला चालतं, पण भिजवून ताणलं तर वाळल्यावर पुन्हा आखडतं. मी पहिला तुकडा त्यातच विणला होता. रात्री ताणून ठेवला, सकाळी टाचण्या काढल्या आणि तो बघता बघता जिथल्या तिथे आला. वेष्टन वाचा. शंभर टक्के वूल लिहिलेलं असेल तरच जाळीसाठी घ्या.

मुंबईच्या दमट हवेत शाल वाळायला दोन रात्री लागल्या. मी सोफ्यावर झोपले आणि गादीवर शाल झोपली. टाचण्या काढल्या तेव्हा सगळ्या लाटा जागच्या जागी होत्या.

नाशिकला पोचले तेव्हा सकाळी चांगलाच गारठा होता. मावशी अंगणात उन्हात बसली होती. मी शाल तिच्या मांडीवर ठेवली आणि काही बोलायच्या आत तिची बोटं त्यावर फिरायला लागली.

‘जाड आहे,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘लोकर चांगली आहे.’

मग बराच वेळ काही नाही. ती शाल डोळ्यांजवळ नेत नव्हती. अंगठा आणि तर्जनीत धरून काठापासून सरकवत होती, एकेका भोकावर बोट थांबत होतं, ओठ हलत होते. सहा, मग तो दाटलेला भाग, मग पुन्हा सहा. बारीक लोकरीची जाळी तिच्या बोटांना कळली असती का, कोण जाणे.

मधेच ती थांबली. मागे गेली. पुन्हा मोजलं.

‘इथे पाचच आहेत.’

मी वाकून बघितलं. चौथ्या लाटेत खरंच एक भोक कमी होतं. बहुतेक मुलुंडला कोणीतरी चढताना धक्का दिला होता तेव्हा. दोन रात्री गादीवर पसरलेली शाल मी बघत होते, मला दिसलं नव्हतं.

‘दे, उसवून नीट करते,’ मी हात पुढे केला.

‘अगं, ठेव!’ तिनं शाल ओढून घेतली आणि खांद्यावरून गुंडाळली. ‘थंडी वाजतेय मला. आणि ती ५ नंबरची जोडी वापरलीस ना? मग उरलेल्या लोकरीचे टाके घाल बघू इथेच. साधं सुलट. वीस घाल. माझ्या हातात दे.’