टोपी, पगडी आणि उघडे डोके

गांधी टोपीसंबंधी लिहिताना एक विसंगती सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९३४ साली गांधीजी वर्ध्यात आले आणि १९३६ पासून शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहू लागले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर ही टोपी नव्हती. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला, त्याच वेळी टोपीही उतरवली. नाव त्यांचे राहिले. टोपी मात्र अनुयायांच्या डोक्यावर राहिली.

टोपीचे मोल जाणायचे तर आधी पगडी वाचावी लागते. पगडी, पागोटे, फेटा, मुंडासे यांच्या बांधणीवरून माणसाची जात, प्रांत आणि प्रतिष्ठा कळत असे. डोके हे जणू जातीचे मुखपृष्ठच होते. पुढे वर्ध्यात वास्तव्य केलेल्या काका कालेलकरांच्या आठवणींनुसार, गांधीजींनी काश्मिरी टोपी नमुना म्हणून निवडली: हलकी, घडी घालता येणारी, सहज धुता येणारी. सभेत बसलेल्या माणसाची जात पहिल्या नजरेत वाचता येऊ नये, हे या खादीच्या तुकड्याचे खरे सामाजिक कार्य होय.

पण जात न दिसणे आणि जात नसणे यांत अंतर आहे. ते कापण्यासाठी कृती लागते. जमनालाल बजाजांनी १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, ती अशी कृती. डॉ. आंबेडकरांनी गांधी टोपी न स्वीकारता कोट आणि हॅट वापरली. नाकारलेली प्रतिष्ठा उघडपणे धारण करण्याचा तो मार्ग होता आणि तो टोपीइतकाच अर्थपूर्ण मानला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर समतेची ही खूण सत्तेची खूण झाली. ‘टोपी घालणे’, ‘टोपी फिरवणे’ हे वाक्प्रचार पुढाऱ्यांच्या संदर्भात इतके चपखल बसतात, यातच सारे आले. पगडीचेही ओझे उतरलेले नाही. २०१८ साली पुण्यात शरद पवारांनी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरण्याचा आग्रह धरला आणि वाद पेटला, तो कापडाचा नव्हताच.

शिरस्त्राण समता आणत नाही. फार तर तिची आठवण ठेवते. आठवणीचे सोंग होऊ लागले की ते उतरवण्याचे धैर्य हवे. सेवाग्रामातील त्या उघड्या डोक्याचा अर्थ मला असा दिसतो.